काप्रीचा कडा

हर्नडन, व्हर्जिनिया
४ जून २००६

प्रिय पद्मिनी,

मुलगा-सून आणि मी, आम्ही तिघं इटलीहून परत आलो, हे परीक्षितने तुला फोनवर सांगितलंच आहे. तुझ्या आईंच्या पाठीची जखम कशी आहे? त्यांना कुशीवर वळवताना रेणूला हाताशी घे. बहीण शेजारच्या गल्लीत असताना एकटीने ओढाओढ करायची तुला हौस का, हे मला आजवर कळलेलं नाही.

तू फोनवर विचारलंस, "पॉम्पेई पाहिलंत ना, झालं समाधान?" आणि मी हो हो म्हणून फोन परीक्षितच्या हातात दिला. तू म्हणशील, जतच्या गुरांच्या दवाखान्यात असल्यापासून ज्या गावाचं कॅलेंडरवरचं चित्र फाडून भिंतीला लावून ठेवलं होतं, त्याबद्दल माणूस एवढंच बोलतो? इथे फोन हॉलमध्ये असतो आणि सगळे आसपास असतात. म्हणून लिहितोय.

आमचा मुक्काम सोरेंतोला होता. समुद्राच्या कड्यावर वसलेलं गाव, घराघरांतून लिंबाच्या बागा. एक लिंबू तर आपल्या महाळुंगाएवढं. नेपल्सला जायला गाडी, बेटांवर जायला बोटी. रस्त्यावर स्कूटरवाले आपल्या सांगलीच्या गणपती पेठेतल्यांपेक्षा बेफिकीर. त्यामुळे मला परकं असं काही वाटलं नाही.

पॉम्पेईत रस्त्यांच्या दगडांत गाड्यांच्या चाकोऱ्या अजून तशाच आहेत. बेकऱ्यांमधली दगडी जाती उभी आहेत. ती गाढवं फिरवायची, डोळ्यांवर पट्टी बांधून, एवढ्याशा जागेत. मी खूप वेळ तिथेच उभा राहिलो. मग एका बागेत राखेखाली सापडलेल्या माणसांचे प्लास्टरचे साचे पाहिले. एकजण कोपरावर रेलून उठायचा प्रयत्न करतोय. जवळच एक लहान मूल आहे. आश्लेषा त्यांच्यापाशी रेंगाळली, तर परीक्षित म्हणाला, "चल ना यार, किती वेळ तेच तेच." दुपारी तिचा पाय एका दगडावरून घसरला, असं ती म्हणाली. सूज मनगटाला होती. मी रुमाल ओला करून बांधला.

दुसऱ्या दिवशी काप्री बेट. समुद्र खवळलेला होता, बोटीत निम्मे लोक ओकत होते. बेटावर टायबेरियस बादशहाच्या महालाचे अवशेष आहेत. तासभर चढ चढावा लागतो. तो म्हणे, नको असलेल्या माणसांना तिथल्या कड्यावरून समुद्रात फेकून द्यायचा. खरं खोटं कुणास ठाऊक. कड्याच्या टोकाला कठडा आहे. वारा फार होता. मला लवकर खाली यावंसं वाटलं, म्हणून निळी गुहा पाहायची राहिली.

पोझ्झुओलीला रोमन लोकांचं मोठं क्रीडागार आहे. त्याच्या पोटात तळघरं. तिथे वाघ-सिंह-अस्वलं पिंजऱ्यात कोंडून ठेवायचे आणि छतातल्या भोकांतून वर सोडायचे. परीक्षितला ऑफिसचा फोन आला म्हणून तो वर थांबला. आश्लेषा आणि मी खाली बराच वेळ बसलो.

शेवटी प्रोचिदा बेट. लहानसं आहे, धक्क्यावर गुलाबी-पिवळी घरं, समोर जाळी वाळत घातलेली. तिथे मी परीक्षितशी थोडं बोललो. त्याने ऐकून घेतलं.

फोटो या पाकिटात घालतोय. आश्लेषा त्यांत फारशी नाही. जिथे आहे तिथे तिने काळा चष्मा लावलाय.

तिला फोनवर बोलावून घेऊन काही विचारत बसू नकोस. परीक्षितशीही इकडचं तिकडचं बोल. तुला मला एक विचारायचं आहे, पण ते पत्रात नको. मी आल्यावर बोलू.

तुझा,
मोरेश्वर


हर्नडन, व्हर्जिनिया
२० जून २००६

पद्मिनी,

परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा एक वाक्य म्हणत राहिलीस, "पोटच्या पोराला पोलिसात दिलंत." मी फोन ठेवला. बोलत राहिलो असतो तर तुला दुखवलं असतं. आता क्रमाने लिहितो. शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

पाकिटावरचा पत्ता नवा आहे. हे श्रीरंग आणि प्रीता यांचं घर. नागपूरची माणसं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आश्लेषाशी ओळख झालेली. आश्लेषा वरच्या खोलीत झोपली आहे. प्रीता मला म्हणाली, "काका, तुम्ही इथेच राहा, कितीही दिवस. हॉटेल-बिटेल काही बोलायचं नाही."

मागच्या पत्रात मी काप्रीचा कठडा लिहिला आणि वारा लिहिला. मधलं लिहिलं नाही.

मला चढाचा दम लागला होता, मी मागे होतो. परीक्षित आणि आश्लेषा कठड्यापाशी उभे होते. मला वाटलं फोटो काढतायत. जवळ गेलो तर त्याचा हात तिच्या मानेवर होता, मागून, मांजराचं पिल्लू उचलतात तसा, आणि तो तिला कठड्यावरून खाली वाकवत होता. तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या. खाली सरळ समुद्र. तो हसत होता. "नीट बघ आशू, किती डीप आहे. इथून फेकायचे."

ती ओरडत नव्हती. मला भीती वाटली ती याच गोष्टीची. आयुष्यभर मी गुरं पाहिली. नवं मार खाणारं जनावर हंबरतं, लाथा झाडतं. सरावलेलं जनावर अंग आखडून घेतं आणि संपायची वाट पाहतं. ती तशी उभी होती.

मी हाक मारली. त्याने हात काढला आणि म्हणाला, "काय बाबा, मजा करतोय." तिच्या मानेवर त्याची बोटं उमटली होती. तिने ओढणी घेतली आणि मला विचारलं, "बाबा, पाणी हवंय का?"

पोझ्झुओलीच्या तळघरात मी तिला विचारलं, मनगट कुणी मुरगळलं. तिथे गारवा होता, छतातल्या चौकोनी भोकांतून ऊन खाली पडत होतं. तिने बाही मनगटावर ओढून घेतली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही इंडियाला परत जाणार. मी त्याच घरात जाणार." मी म्हटलं, तरी सांग.

तिने सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी भात कच्चा राहिला म्हणून ताट तोंडावर फेकलं, भुवई फुटली. पुढच्या हिवाळ्यात गाऊनवर गॅरेजमध्ये कोंडलं, बाहेर बर्फ. मागच्या वर्षी बरगडी मोडली. डॉक्टरला त्यानेच सांगितलं की बेसमेंटच्या जिन्यावरून पडली, आणि ती मान डोलावत बसली. तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, कुलपात. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही. ती भावाशी फोनवर बोलत असताना तो स्पीकर लावायचा.

मग तिने बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला डाग दिलेला होता. त्रिकोणी, टोकाकडे खोल. मी डागलेली हजारो गुरं पाहिली आहेत, वण किती जुना हे मला विचारावं लागत नाही. सहा-सात महिन्यांचा होता. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "इस्त्री." का, ते तिने सांगितलं नाही.

पद्मिनी, हा मुलगा आपला आहे. त्याला गोवर झाला तेव्हा आपण दोघं आळीपाळीने त्याच्या उशाशी बसलो होतो.

प्रोचिदाला आश्लेषा चर्च पाहायला वर गेली तेव्हा मी त्याला धक्क्यावर बसवलं. म्हटलं, "मी तिचा दंड पाहिला." तो आधी म्हणाला, "ती तुम्हाला काय काय सांगत बसते, बाबा. तुम्हाला तिचा नेचर माहीत नाही." मी म्हटलं, "मी काप्रीला माझ्या डोळ्यांनी पाहिलं." मग तो रडला. ऑफिसचं टेन्शन, ग्रीन कार्ड अडकलंय, राग आला की त्याला काही दिसत नाही. काउन्सेलिंग घेईन म्हणाला. भर धक्क्यावर माझे पाय धरले. जाळी विणणारे कोळी बघत होते. मी त्याला उठवलं आणि जवळ घेतलं. मला खरं वाटलं.

आता त्या रविवारचं.

प्रवासामुळे आश्लेषाचा पासपोर्ट तिच्या हातात आला होता. विमानतळावरून आल्यावर तिने तो परत दिला नाही. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होती, मी टेबलाशी बसलो होतो. परीक्षित खाली आला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आशू, पासपोर्ट दे."

ती म्हणाली, "माझ्याकडे राहू दे."

"दे म्हटलं ना."

"परीक्षित, तो माझा आहे."

एवढंच झालं. त्याने तिचे केस धरले आणि तोंड ओट्यावर आपटलं. इकडे ओटे ग्रॅनाइटचे असतात. तो आवाज मी विसरणार नाही. मी उठेपर्यंत त्याने परत आपटलं. मी मध्ये पडलो तर त्याने मला फ्रिजवर ढकललं, माझं कोपर सटकलं. ती खाली कोसळली. तो तिच्या छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी गळा दाबायला लागला. "कुणाला सांगितलंस? अजून कुणाकुणाला सांगितलंस?" तव्यावरचं थालीपीठ जळत होतं. तिचा चेहरा आधी लाल होता, मग निळसर व्हायला लागला. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या.

मी त्याला नावाने हाका मारल्या. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याचे हात ओढले, ते हलेनात. मी एकोणसत्तर वर्षांचा, एक हात निकामी. तेव्हा मला जे येतं ते मी केलं. बिथरलेल्या बैलाला कसं आवरायचं, तू तासगावच्या दवाखान्यात पाहिलं आहेस. मी मागून त्याच्या नाकपुड्यांत दोन बोटं घातली आणि मान मागे खेचली. सगळ्या ताकदीने. काहीतरी फाटल्याचं माझ्या बोटांना कळलं. तो उलटा पडला. रक्त त्याच्या तोंडात, माझ्या हातावर, फरशीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा?" लहानपणी अंधारात जागा झाला की म्हणायचा तसं.

मी फोन उचलला आणि ९११ लावला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मी म्हटलं, माय सन इज किलिंग हिज वाइफ. पलीकडच्या बाईने विचारलं, तो आत्ता तुमच्याजवळ आहे का. तो जवळच होता. नाक धरून उभा होता. "बाबा, फोन ठेवा. प्लीज. माझं सगळं जाईल. व्हिसा जाईल, जॉब जाईल. बाबा." मी पत्ता सांगितला. फोन ठेवला नाही.

पोलीस आले तेव्हा आश्लेषाला उठता येत नव्हतं, जबडा एका बाजूला लोंबत होता. परीक्षितला बेड्या घालताना तो मला मराठीत म्हणाला, "बाबा, त्यांना सांगा ती पडली." पोलिसाने मला विचारलं, हा काय म्हणतोय.

मी त्याला भाषांतर करून सांगितलं.

तिचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, दात तारांनी बांधलेत. एका कानाचा पडदा गेला. दोन दात गेले. ती नळीने सूप पिते. बोलता येत नाही म्हणून माझा जबाब महत्त्वाचा आहे. परीक्षित जामिनावर सुटलाय. मध्यस्थाकरवी त्याचा निरोप आला की बाबांनी तिकीट अलीकडे घेऊन भारतात जावं, साक्षीदारच नसेल तर केस टिकणार नाही. तू परवा तेच म्हणालीस, त्याच शब्दांत. म्हणजे तो तुझ्याशी रोज बोलतोय. बोलू दे. तू त्याची आई आहेस.

मी येत नाही. इटलीहून परतताना मला नव्याने सहा महिने मिळालेत, मी साक्ष देऊन येईन.

आणि मला जे समोरासमोर विचारायचं होतं ते आता लिहितोच, कारण समोरासमोर येणं लांबलं. पोझ्झुओलीच्या त्या तळघरात मी आश्लेषाला म्हटलं, "आम्हाला एकदा तरी सांगायचं होतंस." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईंना दिवाळीत सांगितलं होतं, बाबा. त्या म्हणाल्या, तो चिडला की त्याच्यासमोर जात जाऊ नकोस. आणि यांना सांगू नकोस, यांना बीपी आहे."

तुला माहीत होतं. दिवाळीपासून. मी इकडे यायला निघालो तेव्हा तू माझ्या बॅगेत तिच्यासाठी भाजणी भरलीस, परीक्षितसाठी चिवडा भरलास, आणि बोलली नाहीस.

मोरेश्वर


हर्नडन, व्हर्जिनिया
१२ नोव्हेंबर २००६

पद्मिनी,

आई गेल्याचं रेणूच्या फोनवरून कळलं. तू स्वतः फोन केला नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचं सगळं तू एकटीने केलंस. मी तिथे असायला हवा होतो.

परीक्षितला दोन वर्षांची शिक्षा झाली. परवा, शुक्रवारी. ती संपली की बहुधा त्याला भारतात परत पाठवतील. त्याच्या वकिलाने तुला कळवलं असेलच, पण वकील जे सांगणार नाही ते मी लिहितो.

माझी साक्ष सप्टेंबरात झाली. दुभाषी देऊ केला होता, मी नको म्हटलं. परीक्षित समोर बसला होता, मीच कधीतरी घेऊन दिलेल्या निळ्या टायमध्ये. नाकाचा आकार थोडा बदललाय. त्याच्या वकिलाने मला विचारलं, तुम्ही स्वतःच्या मुलाचं नाक बोटांनी फाडलंत हे खरं का. मी म्हटलं, हो. मग त्या घरात हिंसा करणारे तुम्ही होतात, असं म्हणायचं का? मी म्हटलं, मीही होतो.

मग तो म्हणाला, "तुमच्या कुटुंबात इतक्या वर्षांत कुणाच्याही कानावर तुमच्या मुलाबद्दल एक तक्रार आली नाही. बरोबर?" त्याला मी "बरोबर" म्हणणं अपेक्षित असावं. मी शपथ घेतलेली होती. मी म्हटलं, "माझ्या पत्नीच्या कानावर आली होती." परीक्षितने त्या सबंध दिवसात तेवढ्याच वेळी मान वर केली. कोर्टात बोललेलं सगळं टाइप होतं. तुझं नाव आता तिथल्या कागदांत आहे. ते मी घातलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

दोष सिद्ध झाला. शिक्षा ठरवण्याआधी इथे जिला मारलं तिला बोलू देतात. शुक्रवारी आश्लेषा बोलली. तारा निघाल्यात, पण तिचा उजवीकडचा ओठ अजून नीट उचलला जात नाही, त्यामुळे काही शब्द चुकीचे येतात. ती थांबून तो शब्द परत म्हणायची. जज वाट पाहत होते.

तिने इस्त्रीचं सांगितलं. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दिवाळीत तिने तुला फोन केला, त्यानंतर चार-पाच दिवसांनी तू परीक्षितला फोन केलास. तू त्याला समजावलंस. म्हणालीस, "असं करू नये रे बाळा, ती माझ्याजवळ रडत होती." तो हो आई, हो आई म्हणाला. तुझी समजूत झाली असेल की त्याने ऐकलं. त्याने फोन ठेवला आणि वर गेला. ती त्याचे शर्ट इस्त्री करत होती. तो तिला म्हणाला, "माझ्या आईला सांगितलंस?" त्याने तिच्या हातातून इस्त्री घेतली, तिचा दंड टेबलावर दाबून धरला आणि तो मोजत राहिला. मोठ्याने. दहापर्यंत. मग म्हणाला, "आता फोन करून सांग तिला." आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

तिने फोन केला नाही. त्यानंतर कुणालाच काही सांगितलं नाही, मी विचारेपर्यंत.

तू मुद्दाम काही केलंस असं मी म्हणत नाही. तुला ही गोष्ट घरात मिटवायची होती. सुनेलाही वाचवायचं होतं आणि मुलालाही. पण ज्याच्याबद्दल तक्रार होती, त्यालाच जाऊन सांगितलंस की तक्रार कुणी केली. आणि मला सांगितलं नाहीस. मी त्या दिवाळीत घरातच होतो, पद्मिनी. आकाशकंदिलाची वायर दुरुस्त करत होतो. तू आतल्या खोलीतून बाहेर आलीस आणि मला विचारलंस, चहा टाकू का.

कोर्टातून बाहेर पडल्यावर आश्लेषा मला म्हणाली, "बाबा, इस्त्रीचं आईंना कळवू नका. त्यांनी माझ्या चांगल्यासाठीच केलं. आत्ताच आजी गेल्यात." मी तिला कळवणार नाही म्हटलं नाही, कळवेन असंही म्हटलं नाही. तिच्या मनात तुझ्याबद्दल राग नाही. माझ्या मनात आहे. तिने तुला माफ केलंय, हे खरं तर मला सहन होत नाहीये.

पुढच्या आठवड्यात ती कॅरी नावाच्या गावी जातेय. तिचा मामेभाऊ विष्णू तिथे औषधांच्या कंपनीत आहे, त्याने आणि त्याच्या बायकोने तिच्यासाठी खोली रिकामी केली आहे. तिच्या कागदपत्रांचं एक संस्था पाहते. घटस्फोटाचे कागद तिने दिलेत, सही करताना मला शेजारी बसवलं. ती मला अजून बाबा म्हणते. मी तिला म्हटलं, आता तसं म्हणायला हवंच असं नाही. ती म्हणाली, "मग काय म्हणू?"

काल मी परीक्षितला भेटायला तुरुंगात गेलो होतो. मध्ये काच असते, फोनवर बोलायचं. मला वाटलं होतं तो यायला नकार देईल. तो आला. बसला. रिसीव्हर कानाला लावला. मग म्हणाला, "कोपर कसं आहे तुमचं?" मी म्हटलं, बरं आहे, पूर्ण सरळ होत नाही. तो म्हणाला, "आईला म्हणावं काळजी करू नको." मी त्याला विचारलं, "दहापर्यंत का मोजलंस?" त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि उठून गेला. मी वेळ संपेपर्यंत तिथे बसून राहिलो.

मी त्याला टाकलेलं नाही. दोन वर्षांनी तो येईल तेव्हा त्याला घ्यायला मी विमानतळावर जाईन. घरात ठेवेन की नाही, ते त्याच्याकडे पाहून ठरवेन.

मी २६ तारखेच्या रविवारी सांगलीत पोचतो. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, रिक्षाने येईन. नातेवाइकांना काय सांगायचं ते तू ठरवू नकोस. जे झालं ते मी सांगेन, विचारेल त्याला.

आल्यावर मी आरडाओरडा करणार नाही. तेवढं वय राहिलं नाही. पण तू तिला फोनवर काय म्हणालीस आणि त्याला काय म्हणालीस, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, पहिल्या शब्दापासून. ते आधी सांग, मग पान वाढ.

खाली दोन पत्ते देतोय, एक तुरुंगाचा, एक कॅरीचा. मुलाला तू लिहिशीलच. पण पहिलं पत्र कॅरीला जाऊ दे. ते मला दाखवायची गरज नाही.

आपण त्याच घरात राहू. त्यापुढचं मला आज लिहिता येत नाही.

मोरेश्वर